शेड्यूल पाऊणपट वाढलं, विक्री वाढली दहाच टक्के: कारखान्याच्या नियोजनात ‘बिग डेटा’ काय कामाचा?

१५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून जीएसटी कपातीची घोषणा झाली. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर ठरवले आणि २२ सप्टेंबरपासून ते लागू झाले. छोट्या मोटारी आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्या, ट्रॅक्टर १२ वरून ५ वर. मधल्या पाच आठवड्यांत गिऱ्हाईक शोरूममध्ये यायचं, भाव विचारायचं आणि परत जायचं. थोडं थांबून हजारो रुपये वाचत असतील तर घाई कोण करील? त्यातच ८ ते २१ सप्टेंबर पितृपक्ष. २२ तारखेला नवा दर आणि घटस्थापना एकाच दिवशी आली आणि दिवाळीपर्यंत गाड्यांसाठी रांगा लागल्या.

अशा झटक्यात खरी ओढाताण होते ती गाडी बनवणाऱ्या कंपनीची नाही. ती होते नाशिक भागातल्या अंबड, सातपूर, सिन्नर-माळेगावच्या त्या छोट्या कारखान्यांची, जे त्या गाडीतला एखादा शाफ्ट, ब्रॅकेट किंवा बुश बनवतात. आधी शेड्यूल, म्हणजे या महिन्यात किती नग हवेत हा ग्राहक कंपनीने दिलेला आकडा, कापलं जातं, मग एकदम वाढतं. मग रविवारची शिफ्ट, ओव्हरटाइम, टेम्पो भरायच्या आत स्वतःच्या गाडीत चार क्रेट टाकून ग्राहकाच्या गेटवर पोचवणं. महिनाभरात पुन्हा शेड्यूल खाली येतं आणि तयार माल रॅकवर पडून राहतो.

यावरचा उपाय म्हणून हल्ली ‘बिग डेटा’ आणि ‘एआय’ विकायला बरेच जण दारात येतात. त्यात कामाचं काय आणि नुसती झगमग कुठली, एवढं इथे पाहू.

### ‘बिग’ म्हणजे किती मोठा?

नेहमीच्या रजिस्टरमध्ये किंवा एक्सेलमध्ये मावणार नाही इतकी, सतत येत राहणारी आणि वेगवेगळ्या रूपांतली माहिती म्हणजे बिग डेटा. हे ऐकून तो फक्त मोठ्या कंपन्यांचा विषय वाटतो. पण हिशेब करा: ४० मशीनचा कारखाना, प्रत्येक मशीनवरून पाच नोंदी (चालू की बंद, स्पिंडलचा भार, करंट, तापमान, जॉबची म्हणजे नगांची मोजणी), दर सेकंदाला एकदा. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे रोज १ कोटी ७२ लाख ८० हजार नोंदी, महिन्याला ५० कोटींच्या वर. अंबडमधला मध्यम कारखानासुद्धा मनात आणलं तर सहज ‘बिग’ होतो.

पण यातल्या बहुतेक नोंदी एकट्या पाहिल्या तर निरुपयोगी असतात. आज कारखान्यात शेड्यूल एकाच्या ईमेलमध्ये असतं, आवक गेट रजिस्टरमध्ये, बिलं टॅलीत, रिजेक्शन क्वालिटीवाल्याच्या वहीत आणि मशीन का थांबलं हे सुपरवायझरच्या डोक्यात. या पाच ठिकाणांची माहिती एकाच पार्ट नंबराखाली, एकाच घड्याळावर आली की मोठा फायदा तिथेच मिळतो. सेकंदासेकंदाची आकडेवारी त्यानंतरची गोष्ट आहे. हा क्रम उलटा केला की पैसे वाया जातात, आणि तो उलटाच केला जातो, कारण सेन्सर दाखवता येतो, जुळवलेला पार्ट कोड दाखवता येत नाही.

### ऑर्डर म्हणजे मागणी नव्हे

समजा शोरूममधली विक्री महिन्याला १०० गाड्यांवरून ११० वर गेली. डीलर दीड महिन्याच्या विक्रीइतका साठा ठेवतो, म्हणजे त्याला साठाही १५० वरून १६५ करायचा आहे. तो मागवतो ११० अधिक १५, म्हणजे १२५. गाडीची कंपनी सुट्या भागांचा अर्ध्या महिन्याचा साठा ठेवते. तिला साडेबारा जास्त लागतात, म्हणून ती मागवते १३७.५. तिचा थेट पुरवठादार महिनाभराचा साठा ठेवतो. तो स्वतःच्या व्हेंडरकडे, म्हणजे त्याला भाग बनवून देणाऱ्या छोट्या कारखान्याकडे, मागतो १७५.

म्हणजे विक्री १० टक्के वाढली आणि शेवटच्या व्हेंडरकडे शेड्यूल ७५ टक्क्यांनी वाढलं.

पुढच्या महिन्यात विक्री ११० वरच स्थिर राहिली असं धरा. डीलर ११० मागवतो. कंपनीला आता साठा थोडा कमी चालतो, ती १०२.५ मागवते. थेट पुरवठादाराला साठा ३५ नगांनी उतरवायचा असतो, म्हणून तो मागवतो अवघे ६७.५. शोरूममध्ये काहीच बिघडलेलं नसताना सिन्नरच्या व्हेंडरने १००, १७५, ६७.५ असे तीन महिने पाहिले. यात कुणी खोटं बोललं नाही, कुणी चूक केली नाही. जो तो आपल्या साठ्यापुरता शहाणपणाने वागला.

याला ‘बुलव्हिप इफेक्ट’ म्हणतात. चाबकाची मूठ जराशी हलते आणि टोक सपकन फिरतं, त्यावरून हे नाव पडलं. प्रॉक्टर अँड गँबल कंपनीने लहान मुलांच्या डायपरच्या बाबतीत हे पाहिलं होतं. बाळांची संख्या महिन्याला बदलत नाही, तरी कच्च्या मालाच्या ऑर्डरी मात्र हेलकावे खात होत्या.

म्हणून पहिलं काम: आपल्याला आलेल्या ऑर्डरीवरून पुढची मागणी काढू नका. शक्य तितकी शोरूमजवळची विक्री बघा. ग्राहक ती सांगणार नाही, असं इथे हमखास म्हटलं जातं. सांगायची फारशी गरजही नाही. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ डॅशबोर्डवर कंपनीनुसार आणि महिन्यानुसार गाड्यांच्या नोंदणीचे आकडे कुणालाही पाहता येतात. ही गिऱ्हाईकाच्या हातात गेलेली गाडी. वाहन उत्पादकांची ‘सियाम’ ही संघटना देते ते आकडे मुख्यतः कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या गाड्यांचे. दोन्ही शेजारी ठेवा. सलग दोन-तीन महिने कारखान्यातून निघालेल्या गाड्या नोंदणीपेक्षा बऱ्याच जास्त असतील, तर डीलरच्या यार्डात माल साचतोय आणि तुमचं शेड्यूल लवकरच कापलं जाणार आहे. (कारखान्यातून निघालेल्या गाड्यांतून निर्यात वगळून बघा, नाहीतर ताळा जमणार नाही.)

दुसरी गोष्ट फुकट आहे आणि तरी फार थोडे कारखाने ती करतात. ग्राहक दर महिन्याला चालू महिन्याचं पक्कं शेड्यूल आणि पुढच्या दोन महिन्यांचा अंदाज देतो, ज्याला ‘एन प्लस वन’, ‘एन प्लस टू’ म्हणतात. नवी फाइल आली की जुनी पुसली जाते. ती पुसू नका. प्रत्येक फाइल आलेल्या तारखेसह ठेवा. वर्षभरात दिसेल की अमुक ग्राहकाचा दोन महिने आधीचा अंदाज १०० असेल तर प्रत्यक्ष उचल साधारण ८० होते, आणि तमुक ग्राहकाचा ११५. ही सवय बऱ्यापैकी टिकाऊ असते. महागड्या सॉफ्टवेअरच्या अंदाजाला पहिली टक्कर द्यायची ती या साध्या गुणोत्तराने.

### कागदावरची क्षमता आणि खरी क्षमता

‘तुमची कॅपॅसिटी किती?’ या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी भागाकार करून उत्तर दिलं जातं. सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनवर, एका जॉबला ७५ सेकंद, शिफ्ट आठ तास, म्हणजे ३८४ नग. ग्राहकाच्या ऑडिट फॉर्ममध्ये हाच आकडा जातो, आणि नियोजनही त्याच्यावरच उभं राहतं.

आता त्याच मशीनची एक शिफ्ट उलगडू. ४८० मिनिटांतून जेवणाची ३० आणि चहाची दोनदा १० मिनिटं गेली, उरली ४३०. दुसऱ्या पार्टसाठी जॉ (नग पकडणारे जबडे) बदलून सेटिंग करायला ४५ मिनिटं. इन्सर्ट (कापणारं पातं) बदलणं आणि ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देणं २०. माल नाही, क्रेन नाही, गेज क्वालिटीत अडकलाय, यात ३५. म्हणजे मशीन खरोखर चाललं ३३० मिनिटं. ४३० पैकी ३३०, म्हणजे ७६.७ टक्के, याला उपलब्धता म्हणू. ३३० मिनिटांत ७५ सेकंदांनी २६४ नग निघायला हवे होते, निघाले २३१, कारण ऑपरेटरने फीड (कटिंगचा वेग) थोडा कमी ठेवला आणि जॉब लावायला-काढायला वेळ गेला. वेग ८७.५ टक्के. त्या २३१ पैकी चांगले २२४. गुणवत्ता ९७ टक्के. तिन्हींचा गुणाकार ६५ टक्के. या गुणाकाराला ‘ओईई’ म्हणतात, म्हणजे ठरलेल्या वेळेतला किती भाग चांगला माल देण्यात गेला.

कागदावर ३८४, हातात २२४. ही तफावत कुणाच्या आळसामुळे आलेली नाही. जागतिक दर्जाचा म्हणून ८५ टक्क्यांचा जो आकडा भिंतीवर लावलेला असतो, तो वर्षानुवर्षं एकाच प्रकारचा माल काढणाऱ्या लाइनला शोभतो. दिवसाला तीन वेळा सेटिंग बदलणाऱ्या जॉबशॉपने त्याच्यामागे धावू नये. सेटिंग टाळून मोठमोठ्या बॅच काढल्या की ओईई छान दिसतो आणि नको असलेला माल साठतो.

इथे मशीनवरून आपोआप येणारा डेटा खरोखर उपयोगी पडतो. हाताने भरलेल्या शीटमध्ये दहा मिनिटांच्या आतली थांबणी कुणी लिहीत नाही, आणि ३५ मिनिटांचा थांबा शिफ्टच्या शेवटी आठवून २० होतो. नव्या सीएनसी कंट्रोलरमधून ही माहिती नेटवर्कवर थेट घेता येते. जुन्या मशीनलाही अडचण नाही: मेन केबलभोवती करंट मोजणारी क्लिप लावली की कटिंग चालू, मशीन नुसतं फिरतंय आणि मशीन बंद अशा तीन अवस्था करंटच्या पातळीवरून ओळखता येतात. मशीन ‘का’ थांबलं हे मात्र करंट सांगत नाही. ते माणसानेच सांगायचं, आणि त्यासाठी कारणांची बटणं सात-आठच ठेवायची. पंचवीस कारणांची यादी दिली की ऑपरेटर ‘इतर’ दाबून मोकळा होतो, आणि सहा महिन्यांनी कळतं की थांबण्याचं सगळ्यात मोठं कारण ‘इतर’ आहे.

### सगळी मशीनं सुधारायची का?

नाही. नाशिकच्या द्वारका चौकात गाड्या तुंबल्या असताना मुंबई नाक्याचा रस्ता कितीही रुंद केला तरी पंचवटीत लवकर पोचता येत नाही. कारखान्यातही एका वेळी एकच जागा सगळ्यांचा वेग ठरवते. तिला बॉटलनेक म्हणतात. तिथला वाया गेलेला तास हा पूर्ण कारखान्याचा वाया गेलेला तास असतो, आणि इतर ठिकाणी वाचवलेला तास ढिगात भर घालतो.

अडचण अशी की हा अडथळा जागा बदलतो. लांब शाफ्ट जास्त असले की ग्राइंडिंग अडतं, गिअर ब्लँक जास्त असले की केस हार्डनिंग, म्हणजे भट्टीत नगाचा वरचा थर कडक करणं. आणि केस हार्डनिंग बहुतेकांचं बाहेर जॉबवर्कला असतं. भट्टीची एक खेप आठ-दहा तासांची, त्यामुळे भट्टीवाला खेप पूर्ण भरेपर्यंत थांबतो, आणि एका खेपेत सारख्याच केस डेप्थचे (कडक थराच्या जाडीचे) जॉब घेतो. तुमचे दीडशे नग दोन दिवस त्याच्या दारात पडतात, ते काम नाही म्हणून नव्हे, तर जोडीला जॉब नाहीत म्हणून. हे एकदा नोंदींत दिसलं की उपाय सरळ आहे: त्या केस डेप्थचे जॉब एकाच दिवशी पाठवा.

कुठे अडतंय हे शोधायला सेन्सरही लागत नाही. प्रत्येक टप्प्याआधी किती नग पडले आहेत ते मोजा आणि रोज किती पुढे जातात त्याने भागा. कारखान्यात १,८०० अर्धवट नग असतील आणि दिवसाला ४५० बाहेर पडत असतील, तर आज आत गेलेला नग सरासरी चार दिवसांनी बाहेर येईल. याला ‘लिटलचा नियम’ म्हणतात. स्थिर चाललेल्या कुठल्याही लाइनला तो लागू होतो. तुमच्या संगणकात त्या पार्टचा लीड टाइम, म्हणजे काम सुरू झाल्यापासून पूर्ण होईपर्यंतचा काळ, दोन दिवस लिहिला असेल, तर संगणकाचं नियोजन पहिल्या दिवसापासून दोन दिवस मागे आहे.

### मशीन ९५ टक्के भरलं, मग तक्रार कसली?

मालकाला मशीन रिकामं दिसलं की त्रास होतो, ते समजण्यासारखं आहे. पण काम येण्याच्या आणि पूर्ण होण्याच्या वेळा अनियमित असतील, तर मशीन जितकं भरलेलं तितकी त्याच्यापुढची रांग वाढते, आणि ती सरळ रेषेत वाढत नाही. सगळ्यात साध्या गणितात, मशीन ८० टक्के भरलं असेल तर जॉब स्वतःच्या कामाच्या वेळेच्या ४ पट वाट पाहतो, ९० टक्क्यांना ९ पट आणि ९५ टक्क्यांना १९ पट. प्रत्यक्षात हे आकडे कमी-जास्त होतात, पण वळणाचा आकार हाच.

म्हणून ‘अजून ५ टक्के ऑर्डर घेऊया’ हा निर्णय ७५ टक्के भरलेल्या कारखान्यात किरकोळ आहे आणि ९० टक्के भरलेल्या कारखान्यात तारखा मोडणारा. जुनी एमआरपी प्रणाली, म्हणजे ऑर्डरीवरून कच्चा माल आणि तारखा काढणारी पद्धत, इथेच फसवते. तिच्या हिशेबात लीड टाइम ठरावीक असतो आणि मशीनची क्षमता अमर्याद. एकाच मशीनवर मंगळवारी ३० तासांचं काम ती बिनदिक्कत लावते. क्षमतेची मर्यादा धरून वेळापत्रक लावणारी सॉफ्टवेअर मिळतात आणि चांगली चालतात, पण त्यांना खरी सायकल टाइम (एका नगाला लागणारी वेळ) आणि खरी सेटिंगची वेळ लागते. तिथे कागदावरचा ३८४ भरला तर ती फक्त जास्त नीटनेटकं खोटं सांगतात.

### साठा किती ठेवायचा? लवकर येणारा ट्रक की वेळेवर येणारा?

बाहेरून येणाऱ्या एका फोर्जिंगचं (ठोकून घडवलेल्या भागाचं) उदाहरण घेऊ. रोज सरासरी २०० नग लागतात, त्यात ४० चा चढ-उतार (प्रमाण विचलन). माल यायला सरासरी ६ दिवस लागतात, त्यात २ दिवसांचा चढ-उतार. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा माल कमी पडू नये असं हवं असेल, तर सूत्रानुसार नेहमीच्या वापराव्यतिरिक्त साधारण ६८० नगांचा राखीव साठा लागतो.

आता पुरवठादार म्हणाला, ‘सहाऐवजी तीन दिवसांत देतो’, पण त्याचा दोन दिवसांचा चढ-उतार तसाच राहिला, तर राखीव साठा ६७० वर येतो. फक्त दहा नगांचा फरक. उलट दुसरा म्हणाला, ‘सहा दिवसच लागतील, पण चढ-उतार एका दिवसावर आणतो’, तर साठा ३६७ वर येतो, जवळजवळ निम्म्यावर. खरेदी विभाग बहुतेक वेळा पहिल्याशी घासाघीस करतो.

हा चढ-उतार मोजायला लागणारी माहिती कारखान्यात आधीच पडलेली आहे: परचेस ऑर्डरची तारीख, ई-वे बिलाची वेळ, गेट एंट्रीची वेळ. तिघांचा फरक काढला की उशीर पुरवठादाराकडे झाला की वाटेत, हे दिसतं. पावसाळ्यात कसारा घाटातून येणाऱ्या मालाचा आणि पुण्याहून येणाऱ्या मालाचा चढ-उतार वेगवेगळा ठेवा. दोन्हींची सरासरी काढली तर ती कुणालाच लागू पडत नाही.

### द्राक्षाला राखीव साठाच नसतो

हे सगळं लोखंडापुरतं नाही. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षाच्या पॅकहाउसपुढे हाच प्रश्न जास्त टोकदार आहे, कारण माल रॅकवर ठेवता येत नाही. पण तिथे एक सोय आहे जी अंबडला नाही: मागणी कळली नाही तरी आवक चार महिने आधी कळू शकते. गोडी छाटणीपासून (फळांसाठीच्या छाटणीपासून) साधारण ११० ते १३० दिवसांनी, जातीनुसार आणि थंडीनुसार, माल काढणीला येतो. निर्यातीच्या बागांची अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ‘ग्रेपनेट’वर प्लॉटनिहाय नोंद असते. प्रत्येक प्लॉटची छाटणीची तारीख, वेलीवरचे घड आणि रोजचं तापमान जोडलं, तर कुठल्या आठवड्यात किती टन येणार याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

मग प्रश्न क्षमतेचा. तिथे अनेकदा पॅकिंगच्या टेबलांपेक्षा प्रीकूलिंगची खोली अडते. पेट्यांतला माल बागेतल्या तापमानावरून शून्याच्या आसपास आणायला सहा-आठ तास जातात, म्हणजे एका खोलीत दिवसाला फार तर तीन खेपा. शंभर माणसं पॅकिंगला जास्त लावली तरी खोलीबाहेर पेट्या तापतात. आवकेचा अंदाज खेपांत मोडून दाखवला, तर कुठल्या शेतकऱ्याला काढणी दोन दिवस पुढे-मागे करायला सांगायची हे आधी ठरवता येतं. अवेळी पाऊस आला की हा अंदाज त्याच संध्याकाळी नव्याने करावा लागतो. हवामानाची नोंद जोडलेली असली तर तो करता येतो, नाहीतर फोनाफोनी.

### डेटा कुठे सडतो

प्रकल्प अपयशी होतात ते बहुधा या क्षुल्लक वाटणाऱ्या जागी. एकच पार्ट तीन कोडांनी नोंदलेला असतो, एक जुन्या ड्रॉइंगचा, एक नव्या रिव्हिजनचा, एक स्टोअरवाल्याने सोयीसाठी केलेला. स्टील खरेदीत किलोत आणि इश्यूमध्ये नगांत. आलेल्या मालाच्या एंट्र्या महिनाअखेर एकदम होतात, त्यामुळे सगळे पुरवठादार ३० तारखेला माल देतात असं संगणकाला वाटतं. सॉफ्टवेअर बसवताना ‘सध्या टाकून ठेवा’ म्हणून सगळ्या पार्टना सात दिवसांचा लीड टाइम टाकलेला असतो आणि पाच वर्षांनी तो तसाच असतो. दोन मशीनची घड्याळं वीस मिनिटांनी वेगळी, त्यामुळे जॉब आधी ग्राइंड झाला आणि मग टर्न झाला असा उलटा इतिहास तयार होतो.

आणि सगळ्यात फसवी चूक: मालाअभावी न गेलेली ऑर्डर कुठेच नोंदली जात नाही. ग्राहकाला ५०० हवे होते, तुम्ही ३५० दिले, नोंद ३५० ची. पुढच्या वर्षीचा अंदाज ३५० वरून निघतो आणि तुम्ही पुन्हा कमी पडता. डिस्पॅच म्हणजे मागणी नव्हे; मागितलेला आकडा वेगळ्या रकान्यात लिहा.

### ‘ऑपरेटर म्हणेल, आमच्यावर पाळत ठेवता’

ही शंका रास्त आहे. मशीन थांबल्याचा पहिला अहवाल आला आणि त्यावरून कुणाचा पगार कापला, तर दुसऱ्या अहवालापासून मशीन कधीच थांबणार नाही, हवेत कटिंग करत राहील. थांब्यांच्या यादीत ‘माल नाही’, ‘गेज नाही’, ‘क्रेन नाही’ ही कारणं पाहिलीत तर लक्षात येतं की त्यातली बरीचशी ऑपरेटरच्या हातातली नसतातच. यादी शिफ्टच्या फळ्यावर मशीननुसार लावा, माणसाच्या नावाने लावू नका, आणि पहिल्या महिन्यात त्यातलं एक तरी कारण मालकाने दूर करून दाखवावं.

प्लॅनरची नोकरी जाणार का, हाही प्रश्न येतो. प्लॅनरच्या दिवसाचा मोठा भाग फोनवर ‘माल निघाला का’ विचारण्यात जातो. तो भाग कमी होईल. पण कुठल्या ग्राहकाची लाइन थांबू द्यायची नाही आणि कुणाला दोन दिवस थांबवलं तर चालेल, हे नात्याचं गणित कुठल्याही फाइलमध्ये नसतं.

### जे इतिहासात नाही, ते संगणकाला कसं कळणार?

कळणार नाही. अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर जुन्या आकड्यांतून शिकतं. सुरुवातीचं जीएसटीचं उदाहरण घ्या. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ ची रखडलेली विक्री आणि त्यानंतरची उसळी त्याने जशीच्या तशी शिकली, तर पुढच्या प्रत्येक वर्षी पितृपक्षातली नेहमीची मंदी अवाच्या सवा मोठी धरली जाईल आणि नवरात्रातली वाढही. त्या पाच आठवड्यांवर आणि नंतरच्या उसळीवर ‘कर बदल, एकदाच’ अशी खूण माणसाने करायची असते.

सणांचं तर आणखी सोपं आणि आणखी चुकणारं आहे. सॉफ्टवेअर इंग्रजी महिने ओळखतं, दिवाळी ओळखत नाही. लक्ष्मीपूजन २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला, तर २०२६ मध्ये मधल्या अधिक ज्येष्ठामुळे ८ नोव्हेंबरला. ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशी केली तर दोन्ही महिन्यांचे अंदाज चुकणार. उपाय म्हणजे प्रत्येक दिवसापुढे ‘दिवाळीला किती दिवस’ हा रकाना घालायचा. एवढ्या एका रकान्याने बऱ्याचदा मोठ्या गणितापेक्षा जास्त फरक पडतो.

आणि नाशिकला सिंहस्थ आहे. आधीचा २०१५ मध्ये झाला, आताची मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत अवजड वाहनांवर बंधनं येणार, कामगारांच्या सुट्ट्या वाढणार. २०१५ नंतर रस्ते, कारखाने, उत्पादनं सगळंच बदललं, त्यामुळे जुना डेटा असला तरी फारसा उपयोगी नाही. इथे अंदाज न बांधता प्रश्न विचारायचे: चार दिवस ट्रक आला नाही तर कुठला पार्ट आधी संपेल? भट्टीवाला बंद राहिला तर? अशा ‘समजा’च्या हिशेबासाठी वरच्या उदाहरणांत आकडे बदलून पाहणं पुरतं, आणि त्यातून निघालेला साठा जुलैआधी तयार ठेवता येतो. मशीन ९० टक्के भरलेलं असेल तर तो साठा बनवायला वेळच उरत नाही, म्हणून सुरुवात जानेवारी-फेब्रुवारीत हवी.

### विकायला आलेल्याला काय विचारायचं

डेमोमध्ये त्यांचा डेटा असतो, तो नेहमी गुळगुळीत असतो. तुमची मागच्या दोन वर्षांची आकडेवारी द्या, पण शेवटचे तीन महिने स्वतःजवळ ठेवा. त्या तीन महिन्यांचा पार्टनिहाय अंदाज त्यांना काढायला सांगा. त्याच्या शेजारी दोन फुकटचे अंदाज मांडा: मागच्या वर्षीचा तोच सण-काळ, आणि ग्राहकाचा ‘एन प्लस टू’ गुणिले तुमचं जुनं गुणोत्तर. तिन्हींची चूक नगांत मोजा, टक्क्यांत नको; कारण महिन्याला चार नग जाणाऱ्या पार्टवर दोनची चूक ५० टक्के दिसते आणि खरी चूक असते ती दहा हजार नगांच्या पार्टवर. चूक एकाच बाजूला झुकलेली आहे का तेही पाहा, कारण सतत जास्त सांगणारा अंदाज गोदाम भरतो आणि सतत कमी सांगणारा ग्राहकाची लाइन थांबवतो. सॉफ्टवेअर दोन्ही फुकटच्या अंदाजांना हरवत नसेल, तर ते पैसे आधी पार्ट कोड साफ करायला आणि अडणाऱ्या एका मशीनवर करंटची क्लिप लावायला वापरा.